घारापुरीच्या पायऱ्यांवर भेटलेल्यांनो, मनापासून आभार

नाताळच्या सुट्टीत घारापुरी म्हणजे गर्दी आलीच. गेटवेहून लाँचमध्ये तासभर अंग चोरून बसलो. पुढे लेण्यांकडच्या साधारण 120 पायऱ्या. निम्म्या चढल्यावर आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तोल गेला, गुडघा खरचटला. त्यात माकडानं पिशवी पळवली, तीही औषधांची!

माळा विकणाऱ्या एका ताईंनी स्वतःचं स्टूल दिलं, जखम धुतली आणि सुतळीनं चप्पल बांधून दिली. दोन आडव्या फेऱ्या, टाचेमागून एक गाठ. पैसे विचारले तर रागावल्याच. कॉलेजच्या दोन पोरांनी पिशवी सोडवून आणली. बदल्यात त्यांचे वेफर्स गेले.

त्यामुळे आई वर पोचली. सुमारे 20 फुटी, तीन चेहऱ्यांच्या सदाशिवाच्या मूर्तीसमोर, त्या मधल्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्याकडे बघत बराच वेळ उभी होती. गुडघ्याचं नावही नाही.

परतताना लाँच धक्क्याशी हेलकावत होती. खलाशीदादांनी "आजी, खाली बघू नका, माझ्याकडं बघा" म्हणत तिला अलगद आत घेतलं.

नावं कुणाचीच विचारली नाहीत, चूक माझीच. ताई, ती सुतळी आईनं अजून सोडलेली नाही.