सोडून दिलेला ससाही घरात रुळतो

संपादक महोदय,

गड्डा यात्रा आटोपली की सोलापुरात ऊन तापायला लागतं. हौसेनं घेऊन नंतर मोकळ्या प्लॉटवर सोडून दिलेल्या सशांचे हाल तेव्हा सुरू होतात. काही जण त्यांना उचलून घरी आणतात, पण "चावतो, घरभर मुततो" म्हणून थोड्याच दिवसांत हात टेकतात. या दोन्ही तक्रारींवर उपाय आहे.

आधी एक खात्री करा. माळरानावरचा, मानेवर काळा पट्टा असलेला तपकिरी ससा रानटी असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ असतात, डोळेही उघडे असतात. ती एकटी दिसली म्हणून उचलून आणू नयेत. आई दिवसभर त्यांच्यापासून लांबच राहते.

पाळीव ससा आणला की त्याला लगेच अख्खं घर मोकळं करू नका. चार बाय चार फुटांचा कोपरा जाळीनं बंद करा. लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवा आणि त्याला दोन तोंडं पाडा. बाहेर पडायची वाट एकच असेल तर ससा कोंडीत सापडतो आणि चावतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून खाली सतरंजी हवी. आपल्याकडे टर्किश टॉवेल घरोघर असतात, पण ते अंथरू नका: फासांत नखं अडकतात आणि कुरतडलेले धागे पोटात जातात.

रोज ठरलेल्या वेळी जवळ जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. हात पुढे करायची घाई नको. कोथिंबिरीची काडी आधी लांब ठेवा, मग रोज थोडी जवळ, शेवटी हातात. सशाला नाकासमोरचं दिसत नाही, त्यामुळे तोंडापुढे अचानक हात आला की तो दचकतो. पहिला स्पर्श कपाळावर, बाजूनं हात नेऊन करा. मागचा पाय आपटला तर तो घाबरलाय, तिथंच थांबा. कान धरून उचलणं तर क्रूरपणाच. उचलताना मागच्या पायांना आधार नसेल तर झटका देऊन तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

आता मुताचं. ससा बहुधा एकच कोपरा धरतो. तो कोणता ते बघा आणि तिथंच दीड बाय एक फुटाचा पसरट ट्रे ठेवा. आत जायची कड चार इंचांहून उंच नको. तळाला वर्तमानपत्राचे जाड थर, वर वाळलेलं गवत. ओला झालेला कागद आणि चार लेंड्या त्यातच टाका, वासावरून त्याला जागा कळते. खायचं गवत ट्रेच्याच एका टोकाला ठेवा, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीनं पडतो. मांजरासाठी मिळणारी, ओली झाल्यावर गोळा होणारी माती वापरू नका. ती पोटात गेली तर आतडं तुंबतं. ट्रे रोज साफ करा, पण थोडा जुना कागद राहू द्या. बाहेरचे डाग मात्र पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, वास उरला तर तीच जागा कायम होते. रागावून, मारून काही साधत नाही, उलट मिळवलेला विश्वास जातो. सवय लागूनही फवारे सुरूच राहिले तर ते हद्द आखणं असतं. त्यावर उपाय नसबंदी, आणि तिचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात.

गवत मारवेल किंवा पवना चालेल. कुसळी नको, कुसळं तोंडात आणि डोळ्यात रुततात. कोवळी हिरवी ज्वारीही नको. तिच्यानं गुरांना किराळ, म्हणजे विषबाधा होते, तोच धोका सशाला.

बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याला मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रे सशावर कधीही मारू नका, जीव जातो.

विक्रेत्यांना एकच विनंती: नर-मादी ओळखून वेगवेगळे ठेवा आणि गिऱ्हाइकालाही तसं सांगा. मादी साधारण 31 दिवसांत विते आणि व्याल्यावर एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. मोकळ्या प्लॉटवर येणारे बरेचसे ससे याच नकोशा पिल्लावळीतले असतात.

– काही प्राणीमित्र, सोलापूर