लॅपटॉपला बाहेरून कार्ड लागलं बे!

प्रिय पम्या,

लागलं बे! लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड लागलं, ड्रायव्हर बसला, डाव्हिंचीत, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, कार्डाचं नाव दिसतंय. आता रात्रीचे दीड वाजलेत, या टायमाला कोणाला उठवून सांगू? बायकोला सांगितलं तर "झोपा आता" म्हणून कूस बदलली तिनं. म्हणून तुला लिहितोय. मायची तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात तसेच. बाबांची शुगर आटोक्यात. झालं.

आता ऐक. होस्टेलच्या गच्चीवर तू काय म्हणला होता? "लॅपटॉपले बाहेरून कार्ड लावाचं तं थंडरबोल्टचं फास्ट पोर्ट पाह्यजे, नाही तं गुमान डेस्कटॉप घे." गज्या साक्षीदार आहे, त्याला विचार. तर माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट नाहीच, तरी लागलं. आत एम-टूचा स्लॉट असतो ना, एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची वेगवान पट्टी, बसते तो, त्यात पीसीआय एक्सप्रेसच्या ४ लेन येतात, म्हणजे ग्राफिक्स कार्ड ज्यावरून डेटा घेतं-देतं तसलेच चार रस्ते. विंडोज दुसऱ्या, साटाच्या एसएसडीवर नेलं, तो स्लॉट मोकळा केला, त्यात अ‍ॅडाप्टरची पट्टी बसवली आणि चपटी केबल मागच्या झाकणातून बाहेर काढली. दुसऱ्या टोकाला डेस्कटॉपसारखा लांब स्लॉट, त्यात सीताबर्डीवरून सेकंडहँड आणलेलं जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं. १२० वॅट खातं ते, म्हणून वेगळा एसएमपीएस, म्हणजे डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय, आणि ६ पिनची वायर.

आणि डेस्कटॉप काहून नाही घेतला ते पण परत सांगतो, कारण तू हा मुद्दा सोडणार नाहीस. मांडवात बसून कॅमेऱ्याची कार्डं खाली करायला लॅपटॉपच लागतो. अक्षता पडल्या की जेवणाच्या पंगतीपर्यंत पोरीच्या मामाला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे असतो, तिथं काय सीपीयू डोक्यावर घेऊन जाऊ?

सुरुवातीला डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ४३. म्हणजे विंडोजला कार्ड दिसतं, पण ड्रायव्हर चालूच होत नाही. तुला आठवते ना जीव कसा जातो त्या त्रिकोणानं. शेवटी विंडोजच्या रजिस्ट्रीत लिंक स्पीडची एक व्हॅल्यू टाकली, पॉवर ऑप्शनमध्ये वीज वाचवणारं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद केलं, आणि आधी एसएमपीएस, मग लॅपटॉप, हा क्रम धरला, कारण या स्लॉटवर लॅपटॉप कार्ड शोधतो ते सुरू होतानाच. चालू असताना केबलला हात लावायचाच नाही, पोराला तसं दटावून ठेवलंय. त्रिकोण गेला. मग कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून पाहतो तर लेन ४ बरोबर, पण पुढं पीसीआय एक्सप्रेसची पिढी लिहिलेली १.१, म्हणजे वेग कमी. पोटात गोळाच आला. मग त्याच्या बाजूचं प्रश्नचिन्ह दाबून टेस्ट चालू केली तर डोळ्यादेखत १.१ चं ३.० झालं. लोड नसला की ते आपोआप खाली उतरतं. पंखा फिरायला लागला आणि मी एकटाच हसत बसलो पम्या.

४ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ४ जीबी, डेस्कटॉपच्या स्लॉटच्या चौथा हिस्सा, माहीत आहे मला, भांडू नको. मॉनिटर थेट कार्डालाच लावलाय. लॅपटॉपच्या स्क्रीनवर घेतलं की चित्र त्याच केबलनं परत येतं आणि तितकी जागा खातं.

आता खरी गोष्ट. लाईन. आपलं घर शेताकडच्या टोकाला, हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटरा लागल्या की ट्यूब फडफडते, आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो चालूच राहतो. कार्डाला कुठली बॅटरी? लाईन गेली की चालत्या लॅपटॉपच्या खालून कार्ड गायब, सगळं जागेवर गोठते आणि रेंडर, म्हणजे व्हिडिओची शेवटची फाइल बनणं, मातीत. बरं, ६०० व्हीएचा यूपीएस घेतला तर तो साधारण ३६० वॅटचा, कार्ड आणि मॉनिटर ओढेल, पण काही मिनिटंच. घरच्या इन्व्हर्टरवर टाकू म्हटलं तर लाईनवरून बॅटरीवर जाताना मधे क्षणभर जो खंड पडतो तो एसएमपीएसनं निभावला पाहिजे, आणि चांगला एसएमपीएस फुल लोडवर १६ मिलीसेकंदाच्या आसपासच तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटन आहे, त्यानं बदल लवकर होतो म्हणतात, पण आपला तो जुना, स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे खडबडीत वीज देणारा. नवीन प्युअर साइन, म्हणजे लाईनसारखी साफ वीज देणारा, घ्यायचा तर सोयाबीनचे पैसे तिकडेच जातात आणि बाबांना ते सांगायचं कसं?

आणि तुळशीचं लग्न झालं की सीझन. आतापर्यंत एडिटिंग बाहेर देत होतो, लोक अल्बमसाठी दारात येऊन बसायचे, नवरीच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण यायची वेळ यायची तरी लग्नाचा व्हिडिओ नाही. या वर्षी मी छातीठोक सांगितलंय की सगळं इथंच, गावातच करून देतो. ॲडव्हान्स घेतलेत. एका रात्री लाईननं दगा दिला तर ठीक, रोजच दिला तर मी काय तोंड दाखवू? ही गोष्ट बायकोला सांगता येत नाही, गज्या तर "होते बे सगळं" म्हणून मोकळा होतो. तुला एसएमपीएसचं कळतं, म्हणून सांग: आहे त्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड टाकून पाहू, की कार्डापुरता वेगळा यूपीएस घेऊ आणि लाईन गेली की लगेच रेंडर थांबवू? का सरळ नवीनच?

तुझ्या पोरीचे फोटो पाहिले, नाक वहिनीचं आलं, बरं झालं. फ्लॅटची चावी मिळाली का? काकूंना नमस्कार सांग.

इन्व्हर्टरवाला सोमवारी दारव्ह्याहून येतोय. त्याच्या आधी फोन कर, रात्री कितीही वाजता कर, मी जागाच आहे.

तुझा,
बाळ्या