चिऊ सुट्टीला येतेय, त्याआधी

पुणे, एप्रिल अखेर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर हे धड बोलता येत नाही. आई, तू मध्येच रडायला लागतेस आणि बाबा "बरं बरं, बघू" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. पुढच्या शनिवारी चिऊला घेऊन साताऱ्याला येते. महिनाभर ती तुमच्याकडे राहील, मी दोन दिवसांत परत फिरेन. तोवर हे पत्र दोघांनी एकदा वाचा, बाबांनी मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

आई, तिच्या पाठीच्या कण्याचा बाक पहिल्यांदा तुझ्याच हाताला लागला. नरक चतुर्दशीच्या पहाटे ती पाटावर पुढं वाकून बसली होती, तू उटणं लावत होतीस आणि म्हणालीस, "पमे, हिची उजवी बाजू फुगल्यासारखी का लागतेय गं?" मी हसण्यावारी नेलं. पुढं दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तेच केलं. गुडघे न वाकवता, हात जोडून तिला पुढं वाकायला लावलं आणि मागून पाठ पाहिली. या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. त्यात कणा नुसता बाजूला झुकत नाही, पिळलाही जातो. म्हणून वाकलं की एका बाजूच्या फासळ्या वर उचललेल्या दिसतात. उभ्यानं पाहिलं तर फ्रॉकखाली काही कळत नाही.

तिचा बाक 28 अंशांचा आहे. 10 अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. 25 ते 40 च्या दरम्यान असेल आणि मूल अजून वाढत असेल तर ब्रेस देतात, म्हणजे धडाभोवती बांधायचा कडक पट्टा. पन्नाशीच्या आसपास गेला तर ऑपरेशनचा विचार. शिवाय एक्स-रेवर रेघा मारून कोन मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे जूनच्या एक्स-रेत 30 आले तरी कुणी देव पाण्यात ठेवायचे नाहीत.

कशामुळे झालं ते कुणालाच सांगता येत नाही. दप्तरामुळे नाही, मोबाईलवर वाकून बसल्यामुळे नाही. आणि आई, पाळण्यात एकाच कुशीवर निजवली म्हणून तर मुळीच नाही, ते मनातून काढून टाक. घराण्यात असू शकतं, एवढं मात्र खरं. आपल्या घरात ते कुणाला होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

बाबा, माझी आठवीतली पी.टी.ची सुटका आठवते? हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, "धावणे, उड्या, ओझे बंद." तुम्ही तुमच्या वळणदार अक्षरात हेडमास्तरांना अर्ज लिहिलात. दहावीपर्यंत त्या तासाला मी वडाच्या पारावर बसून सगळ्यांची घड्याळं, बांगड्या, चपला सांभाळल्या. लंगडीत माझ्यासारखी चपळ वर्गात कुणी नव्हती, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुमची चूक नव्हती. तेव्हा डॉक्टरच तसं सांगत. पण गंमत बघा, चिऊच्या डॉक्टरांनी माझाही एक्स-रे काढला, तर माझा बाक 17 अंशांचा निघाला. एवढ्याशा बाकासाठी तीन वर्षं चपला राखल्या!

आणि तरीही, ब्रेस मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेला द्यायचा अर्ज लिहायला बसले होते. "माझ्या पाल्यास मैदानावरील खेळांतून..." इथपर्यंत लिहून झालं होतं. मायना तुमचाच, शब्द न शब्द.

तो अर्ज फाडला तो डॉक्टरांमुळे. मी विचारलं, खो-खो बंद करू का? ते म्हणाले, "खेळानं बाक वाढत नाही. खेळानं तो सरळही होत नाही. मग मुलीचा खेळ कशासाठी हिरावता?" बाक वाढतो तो उंची झपाट्यानं वाढते त्या काळात, आणि पाळी सुरू झाल्यावर साधारण दोनेक वर्षांत तो जोर ओसरतो. तोवर ब्रेस लावायचा आणि पाठ-पोटाचे स्नायू, दम, हाडं मजबूत ठेवायची. त्याला खेळासारखं दुसरं काही नाही. मी खांबाजवळच्या सूर मारण्याचं विचारलं. तेही चालतं म्हणाले, पडली तर इतर मुलींइतकंच लागेल.

बाबा, तुम्ही म्हणालात की पोहायला घाला, पोहून कणा सरळ होतो. पूर्वी डॉक्टरही सांगत, पण तसं काही सिद्ध झालेलं नाही. पोहणं चांगलंच, दम वाढतो. तिला आवडलं तर जरूर न्या. औषध म्हणून ढकलत नेऊ नका, तिला पाण्याचा कंटाळा आहे. आणि तुमचं चक्रासन तिला शिकवू नका. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कंबर मागं जोरात मोडणारे प्रकार तूर्त नको म्हटलंय. सूर्यनमस्कार त्यांना विचारून थोडे बदलून घेतलेत, ते ती करून दाखवेल.

उसेन बोल्ट तुम्हाला आवडतो ना? 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत पळाला, ते आपण टीव्हीवर बघितलं होतं. त्याच्याही कण्याला बाक आहे. पाठीचे-पोटाचे व्यायाम त्याला सतत करावे लागत. हे चिऊला मी सांगितलं तर म्हणाली, "पण आई, तो ब्रेस घालून नाही पळाला." खरंय. म्हणून खेळताना ब्रेस काढायचा, डॉक्टरांनीच सांगितलंय. बाकी वेळ मात्र सूट नाही. अमेरिका-कॅनडात मुलांवर मोठा अभ्यास झाला, 2013 मध्ये छापून आला. ब्रेस लावलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक 50 अंशांपर्यंत पोचला नाही, न लावलेल्यांत 48 टक्के. जी मुलं दिवसाचे तेरा तास किंवा जास्त लावत, त्यांच्यात तर नव्वदच्या पुढे. चिऊला 18 तास सांगितलेत. मे महिन्यात साताऱ्यातसुद्धा ते सोपं नाही, आणि ती रडवेली होऊन "आजी, थोडाच वेळ काढू?" म्हणेल. आई, इथं तू विरघळणार, मला माहितेय. तेव्हा आंबा काप, पत्ते काढ, पण ब्रेस काढू नकोस. आतून पातळ सुती बनियन हवं, घामानं भिजलं की बदलायचं. ब्रेसखाली तेल किंवा पावडर नको. कातडी लाल होऊन तशीच राहिली तर मला कळव.

रोज सकाळी ती आरशापुढं वीस मिनिटं एक विचित्र व्यायाम करते, हसू नका. जर्मनीतल्या काटारिना श्रोथ या बाईंनी तो शोधला. त्यांना स्वतःला बाक होता. जो भाग दबलाय त्याच भागात श्वास भरायचा, फुग्यासारखा. चिऊ मागं तुझा हात ठेवायला सांगेल. डाव्या बाजूला, कमरेच्या वर. हात नुसता टेकव, दाबू नकोस. श्वासानं तो हात बाहेर ढकलला जायला हवा. हे काम मी सध्या करते, महिनाभर तुझ्याकडे.

पेठेतल्या त्या हाडवैद्यांकडे नेऊ नका. मालिश हवी तर पायांना कर, कणा कुणी ओढायचा-दाबायचा नाही. रात्री दुखून जाग आली, पायाला मुंग्या आल्या किंवा पाय लुळे पडले तर लगेच फोन. तसं होईल असं वाटत नाही, तरी माहीत असावं.

आणखी एक. दर पाच मिनिटांनी "सरळ बस" म्हणू नका. ती सरळच बसलेली असते. शेजारच्या काकूंसमोर "बिचारी" हा शब्द नको, तिचे कान फार तिखट आहेत. पाण्याची कळशी तिला उचलू दे. संध्याकाळी गल्लीतली पोरं हाक मारायला आली की ब्रेस खुंटीला आणि ती बाहेर. जेवायच्या आत परत घालायचा, हा आमचा करार आहे.

बाबा, अंगणातला वाळवणाच्या दोरीचा खांब गेल्या वेळी हलत होता. शनिवारच्या आत त्याच्या बुडाशी सिमेंट भरून घ्या. ती त्याला धरून वळणार आहे.

तुमची,
पमी