ट्रॅक्टरचा रंग किती पातळ करावा

पिंपळगाव बसवंत,
४ एप्रिल

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षाची शेवटची गाडी गेली आणि खरड छाटणीची धांदल सुरू होईपर्यंत बागेतला छोटा ट्रॅक्टर घरीच रंगवून काढायचा, असे तू फोनवर म्हणालास. इनॅमल रंगामध्ये थिनर, म्हणजे रंग पातळ करणारे द्रावण, किती घालायचा, हा तुझा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गोष्ट ठाम सांगतो. साध्या सिंथेटिक इनॅमलमध्ये टर्पेंटाइनच घाल, एन.सी. (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचा) थिनर अजिबात नको. गेल्या वर्षी दुकानदाराने "कोणताही चालतो" म्हणून एन.सी. थिनर हातात दिला आणि मी तो विश्वासाने वापरला. बॉनेटवर हात मारून दहा मिनिटेही झाली नसतील, तोच तापवलेल्या दुधावरची साय बोटाने सरकवावी तशा सुरकुत्या साऱ्या पत्र्यावर उठल्या. त्या थिनरमधली तीव्र द्रावणे खालचा जुना रंग मऊ करून उचलतात. ते बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे खालचा गंजरोधक थर, मारण्यात माझे तीन दिवस गेले, आणि त्याची हळहळ आजही वाटते. टर्पेंटाइन सावकाश उडते, त्यामुळे पत्र्यावर पडलेल्या थेंबांना एकमेकांत मिसळून सपाट व्हायला अवसर मिळतो.

आता प्रमाण. डब्यातला रंग ब्रशसाठी केलेला असतो, फवारून रंग मारणाऱ्या स्प्रे गनसाठी तो जाडच पडतो. काडी बुडवून धार पाहण्याची आपली जुनी सवय सोड आणि रंगाचा पातळपणा मोजणारा एक फोर्ड कप आण. तळाला सुमारे ४ मिलिमीटरचे छिद्र असलेला, साधारण १०० मिलिलिटर रंग मावणारा तो छोटा कप असतो. छिद्रावर बोट धरून तो काठोकाठ भरायचा, बोट काढताच घड्याळ सुरू करायचे आणि सलग धार तुटून थेंब पडू लागले की थांबवायचे. माझ्या डब्यातला नुसता रंग ८० सेकंदांच्या आसपास घेत होता. लिटरला १०० मिलिलिटर टर्पेंटाइन घातल्यावर ४८, आणि २०० च्या थोडे पुढे गेल्यावर २३ सेकंद. माझ्या गनला २० ते २५ सेकंदांतला रंग उत्तम बसला. तुझ्या डब्याला नेमके हेच माप लागेल असे नाही, म्हणून पहिले १०० मिलिलिटर घातल्यावर पुढे थोडे थोडे घालत जा आणि दर वेळी कप लाव. जास्त झालेले टर्पेंटाइन परत काढता येत नाही. मिसळलेला रंग जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळून घे, कारण रंगावर धरलेल्या सायीचा एक तुकडासुद्धा गनचे तोंड बंद करतो.

जाड राहिला तर पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड येते. फार पातळ झाला तर मडगार्डवर ओघळ उतरतात आणि पत्र्याच्या धारा उघड्या राहतात. मात्र उन्हात तापलेल्या पत्र्यावर बरोबर पातळ केलेला रंगही खडबडीत वाळतो, म्हणून एप्रिलमध्ये सकाळी, सावलीत काम कर आणि कपचे मापही त्याच वेळी घे, कारण दुपारच्या उष्णतेत तोच रंग आपोआप पातळ होतो. आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सोडून दे. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत फिरव. पहिला हात अगदी हलका मार आणि पंधरा मिनिटांनी दुसरा, जरा ओला. त्यानंतर राहिलेला हात त्याच दिवशी सायंकाळी मारायचा मोह टाळ, कारण इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू पक्का होतो आणि अर्धवट वाळलेल्या थरावर नवा हात पडला की पुन्हा सुरकुत्या येतात. मी दोन दिवस थांबलो होतो.

तुझ्या ट्रॅक्टरवर वर्षभर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे, फवारे उडालेले असणार. ते निळसर डाग आणि ग्रीस पूर्ण धुऊन, पॉलिश पेपरने घासल्याशिवाय कपाला हातही लावू नकोस. रंग-टर्पेंटाइनचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवून ठेव. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून भागणार नाही, वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क घाल.

माझा कप धुऊन पुसून ठेवला आहे. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा, आणि येताना तुझ्या डब्यातला वाटीभर रंग आण, म्हणजे इथेच माप घेऊन पाहू.

तुझा स्नेहांकित मित्र