बुडणारी मुलं तुमच्या खात्याची आहेत: बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय महिला व बालविकास मंत्री

सविनय नमस्कार.

मूल बुडालं की निवेदनं जातात आपत्ती व्यवस्थापनाकडे, जलसंपदा खात्याकडे, फार तर पोलिसांकडे. हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांत साधारण दर चौघांत एक पाच वर्षांखालचं मूल होतं. १ ते ४ या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये बुडण्याचा क्रमांक जगात चौथा लागतो.

ही मुलं पोहायला गेलेली नसतात. ती घराच्या आसपास खेळत असतात आणि जवळच्या डबक्यात, हौदात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. अर्धी भरलेली बादलीसुद्धा पुरते. नुकतं चालायला लागलेल्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. तोल जाऊन ते पाण्यात गेलं की त्याला वर काढण्याइतकं बळ हातांत नसतं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही. श्वासासाठीच इतकी धडपड चाललेली असते की हाक मारायला हवाच उरत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही काही ऐकू येत नाही. प्राणवायू काही मिनिटं तुटला तरी मेंदूची कायमची हानी होऊ शकते.

नंतर सगळे म्हणतात, 'आईचं लक्ष नव्हतं.' मला हे वाक्य क्रूर वाटतं. स्वयंपाक, पाणी भरणं, धाकटं तान्हं आणि कामावरची हजेरी एकटीने सांभाळणाऱ्या बाईने दोन वर्षांच्या मुलावर प्रत्येक क्षणी नजर ठेवायची, अशी आपली अपेक्षा! कामाच्या वेळेत मूल सुरक्षित हातांत असेल अशी जागा तिला कोणी दिली आहे का?

बांगलादेशाने ती द्यायला घेतली. तिथे गावोगावी 'आंचल' नावाची पाळणाघरं सकाळी ९ ते दुपारी १ चालवून पाहिली गेली, कारण घरातली माणसं कामात असतात ती हीच वेळ. या केंद्रांत येणाऱ्या मुलांमधले बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशी ८,००० केंद्रं काढण्याचा प्रकल्प मंजूर केला, आणि तो सोपवला महिला व बालकांच्या मंत्रालयाकडे. म्हणूनच हे पत्र तुमच्या नावे.

पोहणं शिकवायलाच हवं, पण ते साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांना. दोन वर्षांचं मूल त्याने वाचणार नाही. त्याच्यासाठी पाळणाघर हवं आणि पाण्याभोवती अडसर हवा: विहिरीला कठडा, टाकीला घट्ट झाकण, तळ्याला कुंपण. फ्रान्सने खासगी तरणतलावांना सुरक्षा-साधनं बंधनकारक करणारा कायदा २००३ मध्येच केला. आपण मात्र 'पाणी खोल आहे' अशी पाटी लावून मोकळे होतो, आणि ज्याच्यासाठी ती असते त्याला अजून वाचता येत नाही.

पाळणाघरातल्या प्रत्येक सेविकेला प्रथमोपचार शिकवा, ही आणखी एक विनंती. मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटं धरणं, पोट दाबणं हे प्रकार अजून सर्रास होतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे कोणालाही शिकता येतं. मोठ्या मुलांनाही शाळेतच सांगायला हवं की मित्र बुडताना दिसला तर उडी मारू नका; काठावरून काठी द्या, दोर किंवा तरंगेल असं काही फेका, मोठ्यांना हाका मारा. एकाला वाचवायला गेलेलं दुसरं मूलही अनेकदा परतत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. त्या दिवशी संदेश निघतील, फलक लागतील. त्याआधी तुमच्या खात्याने दोन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात: पाच वर्षांखालच्या मुलांसाठी कामाच्या वेळेतली पाळणाघरं कुठे आणि किती सुरू होणार, आणि एखादं मूल बुडालं तर त्याची कारणं शोधून अहवाल देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर असेल.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपली नम्र,
एक नागरिक