सई, दुसरं खोकं कापण्याआधी

रत्नागिरी, आषाढ

प्रिय सई,

तू पाठवलेला पहिल्या स्पीकरच्या खोक्याचा फोटो सकाळी चष्मा लावून पुन्हा पाहिला. कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसलेत, पुढच्या फळीचं भोक स्वच्छ कापलंय. बाबांनी तो फोटो शेजारच्या काकूंनाही दाखवला. पण त्याच फोटोत पलंगाच्या चादरीवर तपकिरी थर आहे, पावसामुळे खिडकी लावलेली आहे आणि तुझ्या तोंडाला नुसता रुमाल आहे. फोनवर खोकत होतीस ते गार पाणी प्यायल्यामुळे, असं तू म्हणालीस. बरं. फोनवर हा विषय काढला की तू "आई, पुरे" म्हणतेस आणि बोलणं तिथेच थांबतं, म्हणून लिहायला बसले.

धुळीचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू सुटे करून युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात दाबलेली फळी. साध्या लाकडाचा भुसा बराचसा जागेवर पडतो. एमडीएफची धूळ मैद्यासारखी उडते आणि तिच्यातले सगळ्यात बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. रुमाल त्यांना अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन्ही पहिल्या गटात टाकलेली आहेत, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. एवढ्या लांब जायचीही गरज नाही, तुझी छाती लहानपणापासून कशी आहे ते आपल्याला माहीत आहे. एन-95 मास्क घे, नाकावरची पट्टी नीट दाबून बसव. घासकाम गच्चीवर कर, पाऊस असेल तर जिन्याच्या वरच्या टोकाला. पंखा बंद ठेव. केरसुणी फिरवू नकोस, ओल्या फडक्याने पूस. आणि त्याच कपड्यांत झोपू नकोस.

झालं. धुळीचा विषय संपला.

दुसऱ्या खोक्याच्या फळ्या घरी कापूच नकोस. प्लायवुडच्या दुकानात पॅनेल सॉ असते, तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत काम होतं; जिगसॉचं पातं 18 मिलिमीटरच्या फळीत तिरकं जातं आणि मग सांध्यात फट राहते. शिवाय धूळ त्यांच्याकडे पडेल. 8 बाय 4 फुटांची अख्खी शीट 40 किलोच्या आसपास भरते, ती तिसऱ्या मजल्यावर ओढत नेण्यातही अर्थ नाही. तुझ्या मापाने एका खोक्याला 320 बाय 281 मिलिमीटरच्या दोन बाजू, 206 बाय 281 च्या वर-खाली दोन, आणि 170 बाय 320 च्या पुढची-मागची अशा फळ्या लागतील. आत भरायची आडवी पट्टी 170 बाय 245, तिला मोठी भोकं पाडून. एका मापाच्या सगळ्या फळ्या मशीनचं सेटिंग न हलवता एकदमच कापून घे. मग मापात जरी फरक पडला तरी तो सगळ्यांत सारखा पडतो आणि खोकं गुण्यातच राहतं.

आतली जागा 13.3 लिटर येते. त्यातून हवेच्या वाटेचा पाईप, ड्रायव्हरचं (आवाज काढणाऱ्या शंकूचं) चुंबक, आडवी पट्टी आणि क्रॉसओव्हर (वरचे-खालचे सूर वाटणारं सर्किट) मिळून सव्वा लिटरच्या आसपास वजा कर, बारा लिटर उरतात. तुझ्या ड्रायव्हरचे आकडे (नैसर्गिक कंपनसंख्या एफएस 46 हर्ट्झ, थरथर किती लवकर थांबते तो क्यूटीएस 0.35, त्याच्या लवचिकपणाएवढी हवा व्हीएएस 17 लिटर) पाहता बरोबर एवढंच हवं. दादा म्हणतो तसं बंद खोकंही करता आलं असतं. सपाट, न घुमणाऱ्या आवाजासाठी (क्यू 0.707) त्याला साडेपाच लिटर पुरले असते, पण खालचा आवाज 93 हर्ट्झपाशीच उतरायला लागला असता. पाईप लावून खोकं 50 हर्ट्झला ट्यून केलंस तर तो खाली 52 पर्यंत जातो. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे अण्णांच्या तंबोऱ्याची चौथी तार पाईपच्या खोक्यात अंगासकट ऐकू येईल आणि बंद खोक्यात नुसती तिची चाहूल लागेल. दादाला हा आकडा सांग, तो वाद घालणार नाही. अण्णा तंबोरा लावायला बसले की तू भोपळ्याला कान लावून बसायचीस, हलायची नाहीस, हाक मारली तरी नाही. जेवण गार व्हायचं. मी रागवायचे आणि अण्णा मला गप्प बसवायचे.

असो. पाईप. तू 16 सेंटिमीटर काढलेस ते 5 सेंटिमीटर व्यास धरून. पण दुकानात 50 चा म्हणून मिळतो तो बाहेरून 50 मिलिमीटर असतो. आतून मोज. 46 मिलिमीटर भरला तर लांबी सव्वातेरा सेंटिमीटर होते. 16 ठेवलीस तर ट्यूनिंग 46 हर्ट्झच्या जवळ खाली जाईल आणि आवाज मलूल वाटेल. आधी जरा लांबच कापून चिकटवल्याशिवाय बसव, इम्पीडन्सचा, म्हणजे ड्रायव्हर विजेला किती अडवतो त्याचा, आलेख घे. दोन उंचवट्यांच्या मधली दरी जिथे पडते तिथे तुझं ट्यूनिंग. मग थोडं थोडं कापत ये. पाईपच्या आतल्या तोंडामागे एका व्यासाएवढी तरी जागा मोकळी हवी आणि पॉलिएस्टरचा कापूस त्यात शिरता कामा नये. कापूस पॉलिएस्टरचाच घे, काचेच्या तंतूंचा नको. तो टोचतो, खाजवतो आणि श्वासातून आत जातो. पाहा, पुन्हा तिथेच आले.

सांध्यांना फेव्हिकॉल भरपूर लाव, क्लॅम्प आवळ, एक दिवस हात लावू नकोस. एमडीएफच्या कडेत स्क्रू सरळ घुसवलास तर फळी मधून फुगून उकलते. आधी बारीक ड्रिलने भोक पाडूनच स्क्रू घाल. भोकाची मागची कड 45 अंशांत उतरवून घे, नाहीतर 18 मिलिमीटरच्या त्या नळीत ड्रायव्हरची पाठ कोंडते आणि मधले सूर घोगरे येतात. ड्रायव्हरखाली फोमची पट्टी विसरू नकोस. हवा गळाली की फुसफुस ऐकू येते आणि माणूस उगाच ड्रायव्हरला दोष देत बसतो.

रंगाची घाई करू नकोस, हे मात्र मी ठासून सांगणार. कापलेली कड आणि फळीचा पृष्ठभाग ओलावा वेगवेगळा पितात, त्यामुळे आज आरशासारखा दिसलेला रंग महिन्याभरात सांध्यावर रेघ दाखवतो. खोकी निदान तीन-चार आठवडे तशीच ठेव. कडांना फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे निम्मे करून दोन हात दे, घास, मग गाड्यांची दोन भागांची लांबी (पुट्टी) भर. साधी एनसी (नायट्रोसेल्युलोजची) लांबी वाळताना आकसते आणि सांधा पुन्हा उघडा पडतो. पॉलिश पेपर 120 पासून 320 पर्यंत क्रमाने, मधला टप्पा गाळायचा नाही. पावसात एनसी लॅकर मारलास तर थिनर उडताना हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरट धुरकट डाग राहतो. म्हणून तो नादच सोड.

आणि ड्युकोवाल्यासारखा पीयू (पॉलियुरेथेन) रंग स्प्रे करायचा विचार तू बोलून दाखवलास, तो घरात अजिबात करायचा नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने चांगल्या छातीच्या माणसालाही दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. एन-95 त्याला अडवत नाही, थिनरच्या वाफेलाही नाही. तो फक्त कणांसाठी आहे. तुला हे ठाऊक असायला हवं होतं, इतकी वर्षं इनहेलरचा पंप हातात घेऊन फिरलीस, शिकलेली मुलगी आहेस, स्वतःच्या जिवाची काळजी घेणं म्हणजे आईचं ऐकणं असं समजून प्रत्येक वेळी उलट वागायचं हे...

सूर चढला. माफ कर. तू तिथे एकटी आहेस, दिवसभर नोकरी करून रात्री हे करतेस, आणि इतकं नेटकं करतेस, हे मला दिसतं. फोटो पाहिल्यावर पहिलं तेच मनात आलं होतं आणि लिहिलं मात्र शेवटी.

मला विचारशील तर सागवानी विनियर लाव. खोक्यावर आणि विनियरच्या पाठीवर दोन्हीकडे फेव्हिकॉलचा पातळ हात, स्पर्शाला कोरडा होऊ दे, मग मध्यम गरम इस्त्री मधून कडेकडे फिरव. सांधे सगळे झाकले जातात. वरून जवसाच्या तेलाचं फडकं, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन हात. ते फडकं चुरगळून डब्यात टाकू नकोस, स्वतःहून तापतं आणि पेट घेतं. पाण्यात बुडव किंवा दोरीवर मोकळं पसरून वाळव. तेलाला वास असतो, पण खिडकी उघडी ठेवलीस की चालेल. खिडकी उघडी ठेव, सई. पाऊस आत आला तर येऊ दे, फरशी पुसता येते.

डॉक्टरांकडे एकदा छाती दाखवून घे. गार पाण्याचाच खोकला असेल तर तेच सांगतील.

तुझी
आई

ता.क. दादा रविवारी येतोय, त्याच्याबरोबर मास्कचं पाकीट पाठवतेय. ट्विटरला (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला) पहिल्यांदा वीज देताना कपॅसिटर जोडलेला आहे ना, ते त्याच्याकडून तपासून घे. आणि खोक्याची दर्शनी बाजू 206 मिलिमीटर रुंद असल्यामुळे 560 हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू पातळ पडत जाईल. क्रॉसओव्हरमध्ये त्याची भरपाई तीन-चार डेसिबल धर, पूर्ण सहा नको. तुझी खोकी भिंतीला लागून राहणार आहेत, उरलेलं भिंत भरून काढते.