दहा सेकंद

मडगाव
१३ जुलै, रात्री साडेअकरा

प्रिय वैशू,

काकू गेल्या तेव्हा एक फोन केला आणि त्यानंतर आठ महिने मी गप्प. कारणं सांगत बसत नाही, सांगायला लाज वाटते. तब्येत ठीक आहे. गुडघ्याला आता पट्टा लागत नाही, आईची शुगर आटोक्यात आहे. बास.

आज जे झालं ते घरी आल्या आल्या अविनाशला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे औषध खाली बसलं, एवढंच ना? हलवलं की झालं." त्याची काही चूक नाही. पण ते 'एवढंच' ऐकलं, जेवण आवरलं आणि वही घेऊन बसले. हे तुलाच सांगायला हवं.

आमचं महिन्याचं इंजेक्शन गं, स्किझोफ्रेनियावरचं पॅलिपेरिडोन पाल्मिटेट, मूळ कंपनीच्या औषधाची आमची स्वस्त आवृत्ती. तीन वर्षं त्याच्यामागे आहे मी. औषध किती टिकतं ते बघायला ठेवलेले नवव्या महिन्याचे नमुने आज चेंबरमधून काढले, ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचे. भरलेल्या सिरिंजा उभ्या, टोपण वर. पहिली उचलली आणि उलटी केली. वरचं पांढुरकं पाणी सरकलं, पण रबराच्या बुचावर बसलेली चकती जागची हलली नाही. निवळी काढून घेतल्यावर डब्याच्या तळाशी चुन्याचा थर राहतो ना, अगदी तसा. घड्याळ लावून हलवायला लागले. १० सेकंद, काही नाही. २० ला कडा सुटल्या, मधला गोळा तसाच. ४५ ला गेला एकदाचा, तोवर मनगट भरून आलं होतं. दुसरी सिरिंज मोजून १० सेकंद हलवली, रिकामी केली आणि टेस्टिंगला दिली. संध्याकाळी आकडा आला: ठरलेल्या डोसच्या ८० टक्केसुद्धा औषध बाहेर आलं नव्हतं. उरलेलं आत, बुचाला चिकटून.

आणि ४० अंशांवरचे सहा महिन्यांचे नमुने पास होते, वैशू! त्या रिपोर्टवर माझी सही आहे. दुपारी रजिस्टर काढून बघितलं तेव्हा उलगडा झाला. ते नमुने ट्रेमध्ये आडवे ठेवले होते. आडव्या सिरिंजमध्ये गाळ लांबलचक भिंतीवर पातळ पसरतो, जरा झटका दिला की उठतो. उभ्या सिरिंजमध्ये तेवढंच औषध रुपयाएवढ्याही नसलेल्या गोलावर थरावर थर बसतं आणि वरचं वजन खालच्याला दाबत राहतं. चेंबर बरोबर, तापमान बरोबर, आणि कशी ठेवायची ते प्रोटोकॉलमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं.

आता तुझा मुद्दा. हो, तुझाच. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधले बिस्मथ सबनायट्रेटच्या पांढऱ्या भुकटीचे ते काचेचे सिलिंडर आठव. मला एकेक कण सुटा हवा होता, दुधासारखं दिसणारं, दोन दिवस न बसणारं. तू कण एकमेकांना सैल धरावेत म्हणून पोटॅशियम फॉस्फेट थेंबाथेंबाने घालत बसलेलीस आणि म्हणत होतीस, "दिसू दे घाण, लवकर बसू दे, पण सैल बसू दे. सैल बसलेलं उठतं, हळूहळू बसलेलं उठत नाही." चार दिवस आपण एकमेकींशी बोललो नव्हतो, आठवतं? मग उत्साहाच्या भरात तू फॉस्फेट जास्त घातलंस, कणांवरचा भार उलटा झाला आणि तुझ्याही सिलिंडरमध्ये गाळाचा घट्ट केक झाला. तुझ्या वाढदिवसाला आम्ही त्याच्यावरच मेणबत्ती लावली होती! पण मुद्दा तुझा बरोबर होता. मी इथे कण सुटे ठेवणारं पॉलिसॉर्बेट सढळ हाताने घातलं, कण अगदी मोकळे ठेवले, आणि ते शिस्तीत एकेक करून खाली जाऊन फटीफटीत घट्ट बसले.

शिवाय मायक्रोस्कोपखाली दुसरं दिसलं. सुरुवातीच्या बारीक रव्यात आता लांबट, जाड स्फटिक आहेत. औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण त्या 'जवळजवळ'मध्येच सगळा घोळ आहे. जास्तीच्या पॉलिसॉर्बेटने विद्राव्यता जराशी वाढते, छोटे कण झिजतात आणि ते द्रव्य मोठ्यांच्या अंगावर जाऊन बसतं. नऊ महिने रोज थोडं थोडं. मोठा कण स्नायूत सावकाश विरघळणार. म्हणजे पहिल्या आठवड्यांत जेवढं रक्तात जायला हवं तेवढं जाणार नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, माहितीपत्रकात हलवायची वेळ वाढवू. सहा महिन्यांच्या इंजेक्शनला १५ सेकंद हलवा, थांबा, परत १५ सेकंद हलवा असं असतंच की. असतं. पण मूळ कंपनीच्या महिन्याच्या औषधाला १० सेकंद आहेत आणि सिस्टरच्या हाताला तेच माहीत आहेत. तुला ती ओपीडी आठवते ना? दर पंधरा दिवसांनी तुझ्या दादाला घेऊन जायचो, ते तिळाच्या तेलातलं जुनं इंजेक्शन, फ्लुफेनाझिन, दुखतं म्हणून दादा आदल्या रात्रीपासून गप्प. रांग जिन्यापर्यंत. तिथली सिस्टर ४५ सेकंद सिरिंज हलवेल? ती दोनदा झटकेल आणि टोचेल, आणि तिचंही काही चुकलेलं नसेल. पांढरं दिसतंय, आत गेलंय, कार्डावर तारीख पडली. कमी पडलं ते कुणालाच कळणार नाही. तीन आठवड्यांनी घरातल्यांना वाटेल, हा परत रात्रीचा का जागतोय.

गोळी चुकली तर पाकिटात दिसते. हे दिसतच नाही.

आपण एम.फार्म.ला होतो तेव्हा, २००९ ला, हे अमेरिकेत मंजूर झालं. तू नोटीस बोर्डावरचं कात्रण काढून आणलंस आणि म्हणालीस, दादाला हे पाहिजे. मग २०१५ ला तीन महिन्यांचं, २०२१ ला सहा महिन्यांचं. दरवेळी मला तो कागद आठवला. हे काम मी मागून घेतलं ते त्यासाठीच.

मी सांगितलंय, माझ्या सहीने ही बॅच पुढे जाणार नाही. पॉलिसॉर्बेट कमी करायचं, पीईजी आणि फॉस्फेट हे बाकीचे घटक नव्याने जुळवायचे, मिलिंग म्हणजे औषध बारीक दळणं थोडं आधी थांबवायचं, आणि नमुने उभे, आडवे, उलटे असे तिन्ही ठेवायचे. म्हणजे किमान वर्ष गेलं. सही न करण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीने. आमचं स्वस्त पडणार होतं. ज्यांना मूळ औषध परवडत नाही ते आणखी एक वर्ष तेलावर नाहीतर गोळ्यांवर काढणार, आणि ती माणसंही दादासारखीच. सरांनी नेमकं हेच ऐकवलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत. तू माझ्या जागी काय केलं असतंस? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

चिनूच्या दहावीचं कळलं, तिला खूप खूप शाबासकी. सायन्स घेतेय का? दुकानाच्या लायसन्सचं झालं का? शटर बदललंस म्हणे. फोटो पाठव.

आणि एक काम कर. तुझ्या दुकानात ही इंजेक्शनं येतात तेव्हा बॉक्स कसे ठेवलेले असतात, उभे की आडवे? डिस्ट्रिब्युटरकडे कसे असतात तेही विचार. आणि पाच तारखेला दादाला नेशील तेव्हा सिस्टर सिरिंज हलवायला लागली की मनात सेकंद मोज. तिला सांगू नकोस, नाहीतर ती जास्त हलवेल. जो काही आकडा असेल तो मला कळव. नवीन फॉर्म्युला मी तेवढ्या सेकंदांत उठेल असा करणार आहे.

दादाला सांग, सप्टेंबरात येतेय. सोलकढी आणते.

तुझी,
मंजू